अँटीव्हायरस टाकलाय, पण चालू आहे का?

संगणक घरी आला तेव्हा दुकानदाराने अँटीव्हायरस टाकून दिला. बिलात त्याचे पैसेही लागले. त्यानंतर तुम्ही तिकडे कधी पाहिलंत? अधूनमधून पडद्याच्या कोपऱ्यातून एक चौकट वर येते. आपण कामात असतो, फुलीवर क्लिक करून ती घालवतो. मुदत संपल्याचं त्याच चौकटीत लिहिलेलं असतं.

मुदत संपली तरी चिन्ह जागच्या जागी राहतं. त्यामुळे सगळं ठीक आहे असंच वाटतं. पण आतलं काम थंडावलेलं असतं. आत येणारी फाईल अँटीव्हायरस आपल्या यादीशी ताडून पाहतो. पोलीस चौकीत फरारी आरोपींचे फोटो लावतात, तशी ही यादी. नवे फोटो आलेच नाहीत, तर नवा चोर समोरून गेला तरी ओळखणार कोण? फाईलच्या वागण्यावरूनही अँटीव्हायरसला काही गोष्टी कळतात, पण खरा भरवसा ताज्या यादीचाच. आणि ही यादी रोज बदलते, कधी दिवसातून अनेकदा.

म्हणून आधी एवढं करा. स्टार्टवर जाऊन ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडा. त्यात व्हायरसपासून संरक्षणाचं पान आहे. तुमचा अँटीव्हायरस कोणता आणि तो चालू आहे का, ते तिथे दिसतं. हिरवी खूण हवी. पिवळी किंवा लाल दिसली तर घाबरू नका, आत जाऊन काय लिहिलंय ते वाचा. मग शेवटचं अपडेट कधी झालं ती तारीख शोधा. अँटीव्हायरस वेगळा घेतलेला असेल तर ही तारीख त्याच्याच खिडकीत मिळेल. ती आजची किंवा कालची हवी. मागच्या महिन्याची असेल तर कुठेतरी अडकलंय हे नक्की.

अडकतं कुठे? बऱ्याचदा अगदी साध्या जागी. जुन्या संगणकात मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. काही वर्षांनी ती संपते. मग वीज गेली की संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. तारीख चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही आणि अपडेट उतरत नाही. आपण मात्र इंटरनेटवाल्याला फोन करत बसतो. उजव्या कोपऱ्यातली तारीख आधी बघा. पुन्हा पुन्हा चुकत असेल तर ती बॅटरी बदलून घ्या. ती फार महाग नसते.

दुसरी जागा मोबाईलच्या हॉटस्पॉटची. डेटा वाचावा म्हणून घरातल्या कुणीतरी ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करून ठेवलेलं असतं. मग विंडोज अपडेट रोखून धरतं. आणि ज्या घरात संगणक फक्त फॉर्म भरायला उघडतात, तिथे अपडेटला वेळच मिळत नाही. आठवड्यातून एकदा तरी तो तासभर इंटरनेटला जोडून चालू ठेवा. तुम्ही तुमची कामं करा, त्याला त्याचं करू द्या.

आता पैशांचं. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर फुकट येतो. साध्या घरगुती वापराला तो पुरतो, असं माझं मत आहे. विकतचा घ्यायचा तर जरूर घ्या. पुण्याच्या काटकर बंधूंचं क्विक हील आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरात आहे, इतरही चांगले आहेत. मात्र घेतलात तर मुदत सांभाळा. नोंदणी करताना मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या. दुकानदाराचा दिला तर मुदतीची आठवण त्याला जाईल, तुम्हाला नाही.

दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालवू नका. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि संगणक रेंगाळतो. मुदत संपलेला पुन्हा घ्यायचा नसेल तर तो काढून टाका आणि संगणक पुन्हा सुरू करा. मग डिफेंडर चालू झालाय का, ते बघून घ्या.

पेन ड्राइव्हचं जरा सविस्तर सांगतो. मुलाच्या प्रवेशाचे कागद छापायला तुम्ही झेरॉक्सच्या दुकानात जाता. त्या संगणकाला दिवसभर कितीतरी जणांचे पेन ड्राइव्ह लागतात. घरी येऊन बघता तर तुमच्या फोल्डरवर छोटा बाण आलेला. उघडलं की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतं. किंवा उघडतच नाही, कागद गायब. ते बहुतेक वेळा लपवलेले असतात, पुसलेले नसतात. तेव्हा घाईने पेन ड्राइव्ह फॉरमॅट करू नका. घरी आल्यावर कुठल्याही फोल्डरला हात लावण्याआधी पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा. आणि छपाईसाठी एक वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा. त्यात छापायचं तेवढंच घाला, लग्नाचे फोटो आणि घराचे कागद नकोत.

फुकटातलं चोरीचं सॉफ्टवेअर टाकताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना येते. तिथेच थांबा. त्यात लपलेल्या व्हायरसचं काम बिनबोभाट व्हावं, म्हणून ती सूचना असते.

कधी अचानक पडदाभर लाल इशारा येतो, भोंगा वाजतो, खाली फोन नंबर असतो. त्या नंबरवर फोन करू नका. खरा अँटीव्हायरस असा भोंगा वाजवून तुम्हाला फोन करायला लावत नाही. ब्राउझर बंद करा. होत नसेल तर संगणकच बंद करा. ‘तुमचं नूतनीकरण झालं, पैसे कापले, रद्द करायला फोन करा’ असा ईमेलही याच जातीचा. कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखं ॲप टाकून संगणक परक्याच्या हाती देऊ नका, मग समोरचा कितीही गोड बोलो.

अँटीव्हायरसवर सगळा भार टाकून विंडोजचं अपडेट मात्र लोक टाळत राहतात. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. फाईली कुलूपबंद करून तो ३०० डॉलर मागायचा. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत त्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. दोन महिने ती फुकट उपलब्ध होती.

विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यानंतरही डिफेंडरची यादी येत राहते, म्हणून हिरवी खूण दिसते आणि माणूस निर्धास्त राहतो. संगणक चालवू शकत असेल तर विंडोज ११ फुकट घेता येतं. ते जमत नसेल आणि वाढीव मुदतीची सोयही घेतली नसेल, तर निदान बँकेचे व्यवहार त्या संगणकावर करू नका.

फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. प्रत झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर कुलूप लावणारा व्हायरस तिलाही कुलूप लावतो.

आणि हे सगळं घरात बघणार कोण, ते ठरवा. सहसा कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी बघते. मग नोकरी लागून ती पुण्याला किंवा बेंगळुरूला जाते आणि इकडे वर्षभर कुणी बघत नाही. जाण्याआधी तिच्याकडून शिकून घ्या. फक्त हिरवी खूण आणि तारीख कुठे दिसते, एवढंच. आजीलाही जमतं.

इतकं करूनही फसवणूक झाली, पैसे गेले, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. संगणकच आजारी असेल तर केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’कडून सफाईची साधनं फुकट मिळतात. १९३० हा आकडा कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी इंटरनेटवर नंबर शोधत बसावं लागणार नाही. तिथे खोटे नंबरही सापडतात.