जाड ब्लेडचा भ्रम

बँडसॉचे ब्लेड तुटले की घरी लाकूडकाम करणारे बहुतेक जण मालाच्या दर्जाला दोष देतात आणि पुढच्या वेळी अधिक जाड ब्लेड आणतात. बसवताना ताणाचा स्क्रू आणखी आवळतात. छोट्या यंत्रावर हा उपाय नुकसान वाढवणारा आहे आणि तो सर्रास केला जातो, म्हणून ही बाब गांभीर्याने मांडायला हवी.

आधी आकडे पाहू. १४ इंची चाकांच्या बँडसॉवर सुमारे २.४ मीटर लांबीचे ब्लेड मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने धावते. म्हणजे मिनिटाला पावणेचारशे फेऱ्या. प्रत्येक फेरीत ते दोन्ही चाकांवर एकेकदा वाकते आणि पुन्हा सरळ होते. तासभर यंत्र चालले तर ४५ हजार वेळा. हातात तार धरून उलटसुलट वाकवत राहिले की ती जशी तुटते, तसेच इथे घडत असते, फक्त फार सावकाश. वाकताना पोलादाच्या पृष्ठभागावर येणारा ताण जाडीबरोबर वाढतो आणि चाक मोठे असेल तर घटतो. ब्लेडची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून अधिक नसावी, असा जुना ठोकताळा आहे. १४ इंची चाकाला तो जेमतेम ०.३५ मिलिमीटर जाडी देतो. प्रत्यक्षात आपण ०.६ मिलिमीटरचे ब्लेड वापरतो, म्हणजे सवलत आधीच घेतलेली असते. तिथे ०.९ मिलिमीटरचे चढवले की वाकण्याचा ताण दीडपट होतो. टेबलावर ठेवायच्या नऊ इंची यंत्रावर तर त्याहून वाईट स्थिती.

तुटलेले ब्लेड लगेच भंगारात टाकू नये. तडा कुठून सुरू झाला ते भिंग घेऊन पाहावे, बहुतेक कारण तिथेच सापडते. दोन दातांमधल्या खाचेतून सुरू झाला असेल, तर बोथट ब्लेडवर लाकूड रेटले गेले असण्याची शक्यता मोठी. सागवानातली सिलिका धार लवकर खाते. जुन्या घराच्या तुळया-चौकटींतून काढलेल्या लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात, ते चुंबक फिरवून आधी शोधावेत. धार गेली की माणूस नकळत जोर लावतो आणि तो जोर खाचेच्या तळाशी साठतो.

तडा पाठीकडून आला असेल तर मागचे बेअरिंग तपासावे. माझ्या मते घरगुती यंत्रांत सर्वाधिक दुर्लक्षित भाग हाच. रिकामे चालताना ब्लेडची पाठ त्याला टेकता कामा नये. जाड कागद जाईल एवढी फट हवी, आणि लाकूड पुढे सरकवल्यावरच बेअरिंग फिरायला हवे. ते जाम झाले असेल किंवा सतत घासत असेल, तर पाठ तापून कडक होते आणि तिथे बारीक भेगा पडतात. अरुंद वळणात रुंद ब्लेड घालण्यानेही पाठीवर असाच पीळ पडतो. अर्धा इंची ब्लेडने अडीच इंचांहून कमी त्रिज्येचे वळण कापू नये.

जोडावरच तुटले असेल, तर मात्र वेल्डिंगचा दोष धरावा. हा जोड बँडसॉचे पहिल्यापासूनचे दुखणे आहे. न्यूबेरीने इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच पेटंट घेतले, पण टिकाऊ जोडाअभावी यंत्र रखडले. १८४६ मध्ये फ्रान्समधल्या क्रेपँ या महिलेने जोडण्याची पद्धत पेटंट केली, तेव्हा वाट मोकळी झाली.

काम संपल्यावर ताण सैल करावा, चाकांवरच्या रबराला ते मानवते. पण ब्लेडला थकवा येतो तो फिरताना. त्यामुळे एवढे केले की काळजी मिटली, असे समजू नये.

तुटण्याआधी ब्लेड बहुधा सूचना देते. प्रत्येक फेरीला ठरावीक अंतराने टक्-टक् असा आवाज येऊ लागला, तर हातातला काप पूर्ण करण्याच्या मोहात पडू नका. यंत्र बंद करून ब्लेड तपासा. आणि ते तुटलेच, तर बटण बंद केल्यावर दार लगेच उघडू नका, मुलांनाही जवळ येऊ देऊ नका: ब्लेड तुटले की वरच्या चाकाला थांबवणारे काहीच उरत नाही, ते बराच वेळ फिरत राहते.