शाळेची भिंत रंगली, पण त्यात आपल्या घरातलं काय? मुलींच्या शाळेत गावासाठी कलादालन का हवं

विसरवाडी : राज्यात २०२३-२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियान सुरू झालं आणि शाळांच्या भिंतींना रंग लागला. सुंदर परिसराला गुण, वर आलेल्या शाळांना लाखांची बक्षिसं. रंग लागला हे चांगलंच झालं. पण चित्र बघितलं तर बहुतेक ठिकाणी एकच, फेर धरून नाचणारी वारली माणसं. वारली चित्र हे डहाणू-तलासरीकडचं. नवापूर तालुक्यात शिकणाऱ्या पोरी मावची, कोकणी, भिल, कोटवालिया घरातल्या. त्यांच्या घरातलं भिंतीवर काय आहे, असं विचारलं तर उत्तर सापडत नाही.

म्हणून एका गोष्टीचा विचार व्हायला हवा. मुलींच्या आश्रमशाळेत किंवा कन्याशाळेत एक खोली कलादालन म्हणून ठेवायची आणि ती गावासाठीही उघडी ठेवायची. हे शहरी लोकांचं खूळ वाटेल, पण आपल्या भागात त्याला पक्कं कारण आहे.

पोर वसतिगृहात, हुन्नर घरी

भिंतीला शेणामातीचं लिंपण कसं धरायचं, पांढऱ्या मातीचा हात कसा फिरवायचा, सण-लग्नाला काय काढायचं, कोणतं बी कशात राखायचं, हे पोरगी आईच्या बाजूला बसून शिकते. त्याचा तास नसतो, पुस्तक नसतं. पोरगी आश्रमशाळेत गेली की वर्षातले बहुतेक महिने ती घरी नसते. ऊसतोडीला आईबाप गुजरातकडे गेले, तर सुट्टीतही भेट होईलच असं नाही. शिक्षण पाहिजेच, त्यात दुमत नाही. पण ज्या व्यवस्थेने पोरीला आईच्या हातापासून लांब नेलं, तिनेच त्या हाताला शाळेत जागा द्यायला नको का?

दुसरीकडे घरंही बदलली. कुडाच्या भिंती जाऊन घरकुलाच्या विटा-सिमेंटच्या भिंती आल्या. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात कोणाला राहायचंय? पक्कं घर हवंच. मात्र लिंपणाची भिंत गेली की लिंपणारा हातही थांबतो. कोटवालिया कारागिरांच्या बांबूच्या सुपा-टोपल्यांची जागा बाजारात प्लास्टिकच्या टबांनी घेतली, तेही तसंच.

कोणीतरी विचारलं म्हणून

वारली चित्र जगभर कसं गेलं ते बघण्यासारखं आहे. लग्नाचा चौक काढायचा मान मुळात सवाशिणींचा. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने पाड्यांवर जाऊन कागद आणि रंग दिले. त्यातून जिव्या सोमा मशे यांची चित्रं १९७५ मध्ये मुंबईच्या कलादालनात लागली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. कला बायांच्या हातची, पण नाव आधी पुरुषाचं झालं, हेही त्यात आलं.

दुसरं उदाहरण भिल समाजातलंच आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यातल्या भुरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरीला होत्या. तिथे चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी त्यांना, तुम्ही घरी जे काढता ते कागदावर काढा, असं सांगितलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन्हीकडे हुन्नर आधीपासून होतं. कमी होता तो विचारणारा माणूस. आपल्याकडे हे विचारण्याचं काम शाळा करू शकते.

पैसा आणि अधिकार

दालन फक्त शहरातच होतं असंही नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंध गावी बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये संग्रहालय उभारलं, ते आजही बघायला मिळतं. औंधला राजा होता, आपल्याकडे ग्रामसभा आहे. १९९६च्या पेसा कायद्याने परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि त्याचं नियोजन ग्रामसभेत होतं. एका खोलीला रंग, फळ्या, दिवे आणि एक कपाट एवढंच लागतं.

शाळेच्या बाजूनेही वाट आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, असा शिक्षण हक्क कायदा सांगतो. सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावं, असं २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आहे. ते दहा दिवस गावातली टोपली विणणारी बाई शिकवायला आली, तर तिला मानधन मिळेल आणि दालनात ठेवायला वस्तूही तयार होतील.

अडचणी खऱ्या आहेत

पहिली अडचण सुरक्षेची. मुलींचं वसतिगृह आहे, तिथे कोणीही उठून आत येणं चालणार नाही. त्यामुळे खोली आवाराच्या कडेला हवी, दार बाहेरच्या बाजूला हवं. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी दोन-तीन तास उघडावी. नोंदवही आणि सोबत शिक्षिका असलीच पाहिजे.

दुसरी अडचण देवाची. कणी-कन्सरी, वाघदेव, याहा मोगी यांच्या पूजेतल्या सगळ्याच वस्तू काचेत ठेवायच्या नसतात. काय दाखवायचं आणि काय नाही, हे पुजारा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारूनच ठरावं.

तिसरी अडचण मालकीची. वस्तूखाली करणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं असावं. विकली गेली तर पैसे तिलाच मिळावेत. नाहीतर उद्या आपलंही चित्र बाहेरचा पेंटर काढेल आणि बिल त्याचं निघेल.

चौथी म्हणजे सांभाळ. कला शिक्षकाचं पद बऱ्याच शाळांत रिकामं आहे. मुख्याध्यापक बदलले की खोलीचं भांडारघर व्हायला वेळ लागत नाही. म्हणून किल्ली आणि जबाबदारी एका माणसाकडे नको, समितीतल्या बायांकडे आणि वरच्या वर्गातल्या मुलींकडे हवी.

आज बहुतेक आया शाळेत येतात त्या दाखला काढायला, पोरगी आजारी पडली तर किंवा तिला सुट्टीला न्यायला. तिथे कायम हात जोडून उभं राहावं लागतं. त्याच शाळेत आईने विणलेलं सूप तिच्या नावासकट ठेवलं आणि पोरीने ते कसं विणतात हे चार लोकांना सांगितलं, तर त्या आईचं शाळेशी नातं बदलेल. पोरगी नववी-दहावीत शाळा सोडणार की टिकणार, यात घरच्यांचा शाळेवरचा भरवसा मोठा असतो.

१५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असतात. रस्ता आणि गटारीबरोबर हा एक ठराव मांडायला काही खर्च लागत नाही. तोवर मुलींनी दिवाळीच्या सुट्टीत घरी जाऊन आपल्या आजीला काय काय करता येतं, याची वहीत यादी केली तरी सुरुवात होईल.