आमचा इतिहास लिहायला परवानगी कोणाची?

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना १९५४-५५ पासून चालू आहे. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलामुलींना परदेशी विद्यापीठात उच्च शिक्षण घेता यावे, हा तिचा हेतू. साऱ्या देशासाठी जागा १२५ आणि त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. म्हणजे मुठीत मावतील एवढ्याच. या मूठभर जागांवरही २०२२ साली सरकारची नजर गेली. त्या वर्षी फेब्रुवारीत अर्ज मागवताना नियमावलीत अट घालण्यात आली की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. कारण काय, तर या विषयांची साधने आणि जाणकार आपल्याच देशात भरपूर आहेत, त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही.

हे कारण वरवर मोठे शहाणपणाचे वाटते. पण वाचकहो, याचा अर्थ नीट समजून घ्या. आमच्या मुलाने लंडनला जाऊन फ्रान्सच्या राज्यक्रांतीवर प्रबंध लिहिला तर सरकार पैसे देईल. पेशवाईतल्या अस्पृश्यतेवर लिहिला तर देणार नाही. अमेरिकेतल्या काळ्यांच्या गुलामगिरीवर लिहा, चालेल. महारवतनावर लिहू नका.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. तो विद्यार्थी बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर तेथे गेला होता. एम.ए.चा त्याचा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता. पुढे त्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर आणि रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिले, आणि त्यासाठी लंडनच्या ग्रंथालयांत कागदपत्रे उपसली. सयाजीराव महाराजांनी करार करून घेतला होता. शिकून आल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याची अट त्यात होती. पण 'आपल्या देशातल्या समाजाविषयी लिहू नकोस' असे काही त्यात नव्हते. एका संस्थानिकाला जे सुचले नाही ते स्वतंत्र भारताच्या सामाजिक न्याय मंत्रालयाला सुचले. बाबासाहेब आज अर्ज करते तर त्या निबंधाचा विषय छाननीतच बाद झाला असता.

'साधने इथेच आहेत' हेही अर्धसत्य आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे आणि इंडिया ऑफिसचे दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आमच्या बापजाद्यांची लष्करातली भरती आणि १८९० नंतर त्यांच्यासाठी बंद झालेले लष्कराचे दार, यांविषयीचे कागद त्या दप्तरात आहेत. आणि जाणकारांचे म्हणाल तर एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवरचा प्रबंध १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पूर्ण केला. गेल ऑम्वेट यांनी सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवरची पीएच.डी. १९७३ साली बर्कले येथे मिळवली. या दोघींचे ऋण चळवळ कधी विसरणार नाही. पण अमेरिकन मुलगी अमेरिकेत बसून आमचा इतिहास लिहू शकते आणि नागपूरच्या वस्तीतली मुलगी सरकारी मदतीने तिथे जाऊन तो लिहू शकत नाही, हा न्याय कुठला?

कायद्याच्या भाषेत बोलायचे तर शिष्यवृत्ती हा मूलभूत हक्क नाही, हे आम्हाला मान्य आहे. धोरणाच्या बाबतीत न्यायालये सहसा हात घालत नाहीत, हेही खरे. परंतु सरकारने एकदा योजना आखली की तिच्या अटी मनमानी असून चालत नाहीत. अनुच्छेद १४ खाली वर्गीकरण करायचे तर त्या वर्गीकरणाचा योजनेच्या उद्दिष्टाशी काही संबंध दाखवावा लागतो. दुर्बल घटकांना उच्च शिक्षणाने वर आणणे हे उद्दिष्ट असेल, तर जातिव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्याने ते कसे बिघडते? अनुच्छेद ४६ राज्याला अनुसूचित जातींचे शैक्षणिक हित 'विशेष काळजीने' जपायला सांगतो. विशेष काळजी म्हणजे विषय निवडून देणे नव्हे.

ही अट एकटी आली असती तर आम्ही तिला एखाद्या बाबूची चूक म्हणून सोडून दिले असते. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद केल्याचे लोकसभेत सांगण्यात आले. ती मुसलमानांची योजना, असे समजून आपले लोक गप्प बसले. तिच्या यादीत बौद्धही होते, हे किती जणांना ठाऊक होते? इतर योजनांशी ती एकमेकांवर चढते, असे कारण दिले गेले. त्याआधी २०१५ साली नेट न झालेल्या संशोधकांची दरमहा ८००० रुपयांची फेलोशिप बंद करायला विद्यापीठ अनुदान आयोग निघाला होता. दिल्लीत मुले आयोगाच्या दारात बसली, तेव्हा हात आखडला. आणि जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती. वसतिगृह, खानावळ, घरी पाठवायचे चार पैसे, सगळे त्यावरच चालते. फेलोशिप थकणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरून मनीऑर्डर येते त्याला कळणार नाही.

महाराष्ट्रात तरी काय वेगळे? बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांनी २०२३ साली फेलोशिपसाठी आझाद मैदानावर कित्येक आठवडे काढले. त्याच वर्षीच्या नागपूर अधिवेशनात पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, असे तेव्हाचे उपमुख्यमंत्री विधान परिषदेत बोलून गेले. साखर कारखान्याला थकहमी देताना कारखाना काय दिवे लावणार, असे कोणी विचारल्याचे आम्ही ऐकले नाही.

आता संशोधन पुरे झाले, पदवी मिळाली, पुढे काय? ५ मार्च २०१८ च्या पत्राने आयोगाने विद्यापीठाऐवजी विभाग हा आरक्षणाचा घटक धरला. तेरा बिंदूंच्या त्या नामावलीत अनुसूचित जातीची पहिली जागा सातव्या क्रमांकावर आणि जमातीची चौदाव्या. पाली, मराठी, तत्त्वज्ञान, इतिहास अशा विभागांत चार-सहा मंजूर पदे. म्हणजे आमचा प्राध्यापक तिथे जन्मात लागणार नाही. लोक रस्त्यावर आले म्हणून २०१९ साली अध्यादेश आणि मग कायदा झाला व विद्यापीठ पुन्हा घटक झाले. पण मुलाखतीत 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारला की कायदा कागदावर राहतो. पीएच.डी. झालेली आमची माणसे तासिका तत्त्वावर चार गावच्या कॉलेजांत एसटीने फिरतात आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की मानधन थांबते. मार्गदर्शकच आमचे नसतील तर आमच्या विषयाला मार्गदर्शन कोण करणार?

थोडे आपल्याकडेही पाहावे लागेल. साहेब झालेल्या आमच्या बांधवांना मुलगा इंजिनिअर हवा, डॉक्टर हवा. 'इतिहास घेऊन काय करणार?' हा प्रश्न आम्ही सर्वात जास्त वेळा आमच्याच कॉलनीत ऐकला आहे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढे उडते, तेवढ्यात एका संशोधकाचे अभिलेखागारातले निदान दोन महिने निघतात. हा हिशेब मंडळाच्या बैठकीत मांडला म्हणून आमच्यावर रुसलेले कार्यकर्ते आहेत. त्यांनी खुशाल रुसावे.

मागणी साधी आहे. विषयाची ती अट नियमावलीतून कायमची पुसली गेली पाहिजे, बंद केलेली फेलोशिप पुन्हा सुरू झाली पाहिजे आणि फेलोशिपची रक्कम दर महिन्याला पगारासारखी खात्यात पडली पाहिजे. आपल्या खासदारांनी, ते कोणत्याही पक्षात असोत, याचा जाब लोकसभेत विचारावा. राखीव जागेवरून निवडून आलेल्यांनी तर आधी.

परवा आमच्या कार्यालयात एक मुलगी आली होती. आंबेडकरी जलशांवर तिला परदेशात काम करायचे आहे. मार्गदर्शकांनी सुचवले की नावात 'लोककला' आणि दुसऱ्या एखाद्या देशाशी तुलना घाल, म्हणजे अर्ज अडकणार नाही. विषय बदलू का, असे ती विचारत होती. आम्ही म्हटले, बाई, विषय आहे तोच लिही, आणि अर्ज नाकारला तर नाकारल्याचे कारण लेखी मागून घे. तो कागद घेऊन ये, पुढची याचिका आम्ही लिहू.