हा विनोद निळूभाऊंचा नाही

व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या मुलीचा फोटो आला की पाठोपाठ निळू फुल्यांचं स्टिकर पडतं : ‘बाई, वाड्यावर या.’ आमच्या तळेगाव ढमढेरेत तर जुने वाडे नजरेसमोरच असतात, त्यामुळे हशा जास्तच पिकतो. या विनोदाला माझा ठाम विरोध आहे. निळूभाऊ आयुष्यभर ज्या वाड्याविरुद्ध उभे राहिले, त्याच वाड्याचं बोलावणं आपण त्यांच्या तोंडून धाडतोय.

हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडला. पोटासाठी पुण्यात माळीकाम करायचा. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यानं त्याला नाव मिळवून दिलं, तेही लोकांना हसवून. तोच नट १९७२ मध्ये तेंडुलकरांचा ‘सखाराम बाइंडर’ झाला. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणायच्या, आपल्या अटींवर ठेवायच्या आणि वर आपण ढोंगी नाही याचा तोरा मिरवायचा, असा हा सखाराम. निळूभाऊंनी त्याला राक्षस केलं नाही. शेजारच्या घरात राहणारा पुरुष केला. म्हणून तो अंगावर आला. सेन्सॉरनं नाटक अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंगांना कोर्टात जावं लागलं.

‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव आणि ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू हे दोघंही त्यांनीच केले. आणि सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून डॉ. श्रीराम लागूंच्या बरोबरीनं ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून निधीही उभा केला. एवढ्या पल्ल्याच्या नटाचं आपण काय केलं? तीन शब्दांचं स्टिकर.

‘अरे, गंमत आहे, एवढं काय मनावर घेतोस?’ असं मित्र म्हणतात. गंमत कुणाची, ते बघा. निळूभाऊंचा पाटील पडद्यावर आला की सत्तेची किळस यायची. बायाबापड्या त्यांना खरोखर शिव्या द्यायच्या, असं जुनी माणसं सांगतात. नटाला मिळालेली ती पावतीच होती. आज तेच वाक्य आपण खऱ्या मुलीच्या खऱ्या फोटोखाली टाकतो आणि शिवी कुणीच देत नाही. ती मुलगी मात्र गुपचूप ग्रुप सोडते.

निळूभाऊ १३ जुलै २००९ ला गेले. त्यांचा सखाराम आता बघायला मिळणार नाही, पण नाटकाचं पुस्तक मिळतं. ते वाचा. आणि ग्रुपवर पुढच्या वेळी ते स्टिकर पडलं, तर हसू नका. टाकणाऱ्याला तिथंच, सगळ्यांसमोर, काढायला सांगा.