छातीची शस्त्रक्रिया, मेंदूचा प्राणवायू आणि आपले कर्तव्य

बीड जिल्ह्यातील रुग्णाला फुप्फुसाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. टाके निघाले की तो केज, धारूर, आष्टीकडील आपल्या गावी परततो आणि मग त्याची विचारपूस करणारा पहिला चिकित्सक पुष्कळदा आपल्यातीलच एखादा वैद्य असतो. जखम भरलेली असते, अन्न पचू लागलेले असते. परंतु घरची माणसे सांगतात की, हा पहिल्यासारखा राहिला नाही, नावे विसरतो, रात्री असंबद्ध बोलतो. या तक्रारीकडे 'वयोमानाने होते' म्हणून दुर्लक्ष करणे आम्हाला योग्य वाटत नाही.

फुप्फुसावरील अनेक शस्त्रक्रियांत एक फुप्फुस मुद्दाम मिटवून ठेवतात व श्वसन दुसऱ्यावरच चालवितात. मिटलेल्या फुप्फुसातून वाहणारे रक्त प्राणवायू न घेताच परतते. बोटाला लावलेले यंत्र धमनीतील रक्ताची स्थिती सांगते. मेंदूला प्राणवायू पुरेसा पडतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी कपाळावर पट्ट्या चिकटवून अवरक्त प्रकाशाच्या साह्याने मापन करतात. या तंत्राचा पाया फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली घातला. हा आकडा सामान्यतः ६० ते ७५ टक्के असतो. मूळ आकड्यात एकपंचमांश घट झाली की भूलतज्ज्ञ रक्तदाब, श्वसन व हिमोग्लोबिन तपासून उपाय योजतात.

कॅनडातील मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी २०१२ साली एका फुप्फुसावर श्वसन चालविलेल्या ७६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मेंदूतील प्राणवायू अधिक काळ कमी राहिला, त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतर लगेच बुद्धिमांद्य अधिक आढळले. मात्र या मापनामुळे पुढील संभ्रम वा विस्मृती टळते काय, याविषयीचा पुरावा अनिश्चित आहे, असा निष्कर्ष २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेने काढला. म्हणजे यंत्र धोका दाखविते. तो टाळण्याची तयारी रुग्णाच्या शरीरातच आधी व्हावी लागते. आपले कार्य येथूनच सुरू होते.

शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णात पांडुरोग असेल, तर मेंदूला प्राणवायू पोचविणारे रक्तच अपुरे असते. त्याचे निदान व उपचार वेळेत व्हावेत, तसेच बिडी-तंबाखू सुटावी, यासाठी वैद्याचा शब्द गावात फार उपयोगी पडतो. औषधी विक्रेत्यांनीही रुग्ण घेत असलेल्या चूर्णे, आसवे व गुटिकांची यादी लिहून द्यावी आणि ती भूलतज्ज्ञाला दाखविण्यास सांगावे. काही वनौषधींनी रक्तस्राव वा गुंगी वाढू शकते. म्हणूनच त्या शस्त्रक्रियेच्या सुमारे दोन आठवडे आधी थांबवाव्यात, असा सल्ला दिला जातो.

रुग्ण परतल्यावर निद्रा, स्मृती व बोलणे यांची चौकशी नाडीपरीक्षेइतकीच आवश्यक मानावी. अचानक संभ्रमासोबत ज्वर, धाप, मूत्रावरोध, वाणीदोष वा हातापायातील दुर्बलता दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. तेथे मेध्य रसायनाचा प्रयोग करीत बसू नये. अशी लक्षणे नसतील, तर पुरेशी झोप, परिचित माणसांचा सहवास, चष्मा व श्रवणयंत्र यांचा वापर आणि हळूहळू चालणे हितकर ठरते. औषध द्यायचे तर शल्यचिकित्सकाला कळवूनच.

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात हृदय, बस्ती व शिर या त्रिमर्मांना विशेष महत्त्व दिले आहे. एका मर्मस्थानी शस्त्र चालते, तेव्हा दुसऱ्याचे रक्षण करावे, हा विचार आपल्याला परका नाही. शस्त्रक्रियेत मेंदूचा प्राणवायू घटला असल्यास त्याची नोंद सुटीच्या कागदावर असावी, अशी मागणी शल्यचिकित्सकांकडे आपण केली पाहिजे. रुग्णाचे बरे होणे टाके निघाल्यावर संपत नाही. ते त्याच्या घरी, आपल्या डोळ्यांसमोर पूर्ण व्हायचे असते.