खारे पाणी, पांढरा थर आणि क्लोरीन

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यातून सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ सुनेच्या आधाराने दवाखान्यात आले. डोळे लाल झालेले, घसा बसलेला, खोकल्याची उबळ थांबत नव्हती आणि श्वासाबरोबर छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. दम्याचा त्रास जुनाच होता. परंतु त्या दिवशीचे कारण निराळे होते. सकाळी त्यांनी अंगणातील सिमेंटचा हौद धुवायला घेतला. तळाला व भिंतींना बसलेला पांढरा थर निघेना म्हणून संडास धुण्याचे ॲसिड ओतून घासले, आणि पाणी निर्जंतुक राहावे या सद्हेतूने त्याच ओल्या तळावर ब्लीचिंग पावडर टाकली. क्षणार्धात हौदात झोंबणारा वास कोंदला. शेजाऱ्याने वरून हात देऊन त्यांना बाहेर ओढले, म्हणून पुढचा अनर्थ टळला.

प्राणवायू, वाफेवाटे औषध आणि रुग्णालयात रात्रभर देखरेख, एवढ्यावर निभावले. बरे वाटू लागल्यावर त्यांनी जे सांगितले, त्यावरूनच आजचा विषय सुचला. ते महिनाभर पुण्याला मुलाकडे राहून आले होते. तेथील गृहसंकुलात पोहण्याचा तलाव आहे आणि त्या पाण्यात मीठ घालतात. तलावाची देखभाल करणारा माणूस यंत्राची एक पेटी ॲसिडने धूत असल्याचे त्यांनी पाहिले होते. ते मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तिकडं मीठ टाकून पानी शुद्ध करतेत. आपल्या बोअरात तं देवानंच मीठ टाकलं हाये. मंग आपलं पानी काहून शुद्ध नाही?"

प्रश्न साधा आहे, पण आपल्या भागातील प्रत्येक घराने त्याचे उत्तर जाणून घ्यावे असा आहे.

मीठ जंतू मारत नाही

मिठाच्या पाण्याच्या तलावात दर लिटरला साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ असते. समुद्राच्या पाण्यात ते ३५ ग्रॅमच्या आसपास असते. एवढ्याशा मिठाने रोगजंतू मरत नाहीत. खरे काम करते ते यंत्र. त्याच्या पेटीत टायटॅनियम धातूच्या पट्ट्या असतात व त्यांवर मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. खारे पाणी त्यांतून वाहत असताना वीज सोडली की मिठातील क्लोराइडपासून क्लोरीन तयार होतो, आणि तोच जंतूंचा नाश करतो. काम झाल्यावर त्याचे पुन्हा क्लोराइड होते, म्हणून तेच मीठ फिरून फिरून उपयोगी पडते. थोडक्यात, त्या तलावात क्लोरीन नसतो असे नाही; तो जागच्या जागी तयार होतो इतकेच.

या पट्ट्यांवरही कालांतराने पांढरा थर चढतो. वीज वाहताना एका पट्टीजवळचे पाणी अल्कधर्मी होते आणि पाण्यातील कॅल्शियम तेथे चुन्यासारखे बसते. थर जाड झाला की क्लोरीन कमी तयार होतो. तलावाचे पाणी मात्र काही दिवस पूर्वीसारखेच नितळ दिसते. म्हणून पाण्यातील क्लोरीन नियमित मोजावा लागतो आणि पेटी वेळोवेळी तपासावी लागते. थर काढण्याची रीत ठरलेली आहे. आधी वीज बंद करून पेटी सुटी करायची व साध्या पाण्याच्या धारेने धुवायची. तेवढ्याने भागले नाही तरच, निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणात पाणी मिसळलेल्या सौम्य ॲसिडमध्ये ती थोडा वेळ ठेवायची आणि पुन्हा भरपूर पाण्याने धुवायची. लोखंडी वस्तूने खरवडायचे नाही, कारण लेप निघून जातो. हे सर्व तलावापासून दूर, मोकळ्या हवेत आणि क्लोरीनचा कोणताही साठा जवळ नसताना करायचे असते. आमच्या रुग्णांनी ॲसिड पाहिले. ही सावधगिरी त्यांच्या नजरेतून निसटली.

दोन पदार्थांचे वैर

ब्लीचिंग पावडरीत क्लोरीन बांधलेल्या स्वरूपात असतो. ॲसिडचा स्पर्श होताच तो वायुरूपाने मोकळा होतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथील रणभूमीवर सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. हवेपेक्षा तो जड असल्यामुळे हौद, न्हाणीघर, तळघर अशा बंदिस्त जागी खाली साचून राहतो. डोळे, घसा आणि श्वासनलिका यांचा तो दाह करतो. दमा असलेल्यांना, हृदयविकार असलेल्यांना आणि वृद्धांना त्याचा फटका अधिक बसतो. लिंबाचा रस, व्हिनेगर अथवा सायट्रिक ॲसिड ही सौम्य आम्ले असली, तरी तीही ब्लीचिंग पावडरीत किंवा द्रव क्लोरीनमध्ये मिसळू नयेत.

चुकून असा वास आलाच, तर सर्वप्रथम मोकळ्या हवेत या. हौदात कोणी अडकले असेल तर त्याला वाचवण्यासाठी स्वतः आत उतरू नका. बाहेरून हात किंवा दोर द्या आणि मदत बोलवा. कपड्यांवर द्रावण उडाले असल्यास ते कपडे काढा, डोळे व त्वचा स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवा. धाप लागणे, सतत खोकला येणे किंवा छातीत दडपण वाटणे यांपैकी काहीही असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. पहिल्या तासात बरे वाटले म्हणून घरी थांबू नये. फुप्फुसांना येणारी सूज काही तासांनीही वाढू शकते.

आपले पाणी, आपला हौद

सातपुडा व अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये पूर्णेचे खोरे पसरले आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारे आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर येथील वाचकांना त्याची चव सांगण्याची गरज नाही. भांड्यांना, नळांना व हौदाला बसणारा पांढरा थर हा मुख्यतः पाण्याच्या जडपणाचा, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचा असतो. तो दिसायला वाईट असला तरी त्याने रोग होत नाही. तो काढण्यासाठी ॲसिडची जोखीम पत्करण्याचे कारण नाही. प्लास्टिकचा ब्रश किंवा काथ्या पुरतो. शिवाय ॲसिड सिमेंटलाही खाते आणि खडबडीत झालेल्या भिंतीवर पुढच्या वेळी थर अधिकच धरतो.

शहानूर, वान, काटेपूर्णा यांसारख्या धरणांतून अनेक गावांना गोडे पाणी मिळू लागले, हे या भागाचे मोठे भाग्य. मात्र नळ रोज येतोच असे नाही, त्यामुळे पाणी कित्येक दिवस साठवावे लागते. नळाला येताना पाण्यात असलेला क्लोरीन साठवणीत हळूहळू उडून जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचे पाणी तितकेच नितळ दिसते, पण त्याचे संरक्षण संपलेले असू शकते. दूषित पाणी काय करू शकते, हे आपण २०२२ च्या जुलैमध्ये पाहिले आहे. चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी येथे विहिरीचे पाणी पिऊन कॉलऱ्याची साथ पसरली आणि माणसे दगावली.

म्हणून घरच्या हौदासाठी पुढील क्रम ठेवावा. हौद रिकामा करून ब्रशने घासावा, गाळ काढावा व साध्या पाण्याने दोनदा धुवावा. हे काम वृद्धांनी एकट्याने करू नये. उतरण्यापूर्वी झाकण बराच वेळ उघडे ठेवावे आणि वर एक माणूस उभा असावा. हौद भरल्यानंतर १,००० लिटर पाण्याला सुमारे २.५ ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा चहाचा चमचा, चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर पुरते. ती कोरडी टाकू नये. बादलीभर पाण्यात कालवून ठेवावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी तेवढे हौदात मिसळावे. नंतर एक तास पाणी वापरू नये. ही पावडर हवा, ऊन व ओल लागल्यास निकामी होते. म्हणून डबा घट्ट झाकून, कोरड्या व अंधाऱ्या जागी, ॲसिडच्या बाटलीपासून दूर आणि नातवंडांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

पुरेसा क्लोरीन आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी चाचणीचे साहित्य असते. थेंब टाकताच पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन आहे. पिण्याच्या पाण्यात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, असे भारतीय मानक सांगते. आपल्या हौदाचीही चाचणी करून द्यावी, अशी विनंती त्यांना अवश्य करावी.

आणखी एक गोष्ट. क्लोरीनने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पाणी उकळल्यानेही क्षार जात नाहीत. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी बोअरचे खारे पाणी पिण्यासाठी टाळावे आणि गोडे पाणी त्यासाठी राखून ठेवावे. घरी आरओ यंत्र असेल, तर त्यातून येणाऱ्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, हे ध्यानात घेऊन त्याची टाकी आणि पाणी भरून ठेवायची भांडी नियमित धुवावीत.

ते गृहस्थ परवा तपासणीसाठी आले होते. छाती आता स्वच्छ आहे. हौद यंदा नातवाने धुतला आणि ते वर खुर्ची टाकून बसले होते, असे सूनबाईंनी सांगितले. ॲसिडची बाटली त्यांनी घरातून काढून टाकली आहे. वाचकहो, आपल्या न्हाणीघराच्या फडताळात या दोन वस्तू शेजारी शेजारी असतील, तर आजच त्या वेगळ्या कराव्यात.