दारात विचारलेला प्रश्न

पेशंट उठतो, फाइल बगलेत धरतो, पडदा बाजूला सारतो आणि तिथंच थबकून काहीतरी विचारतो. तोच त्याचा खरा प्रश्न असतो. खुर्चीत बसून झालेलं बोलणं ही नुसती प्रस्तावना. गेल्या मे महिन्यात इंदुरीच्या दवाखान्यात असाच एक प्रश्न दारातून आला. आठ वर्षांचा मुलगा, आंब्यावरून पडलेला. डाव्या मनगटाच्या वर दोन्ही हाडं मोडलेली. हाड बसवून कोपराच्या वरपर्यंत पक्कं प्लास्टर घातलं होतं, त्याला पाच दिवस झाले होते. बोटं पाहिली, हलवून घेतली, नखं दाबून पाहिली, एक्स-रे पाहिला. सगळं जागेवर. आई दारापर्यंत गेली आणि वळली. "डॉक्टर, रविवारी आम्ही सगळी खोपोलीला त्या राइडच्या पार्कात चाललोय. ह्याच्या मामानं महिन्यापूर्वीच तिकिटं काढून ठेवलीत. ह्याला नेलं तर चालंल ना?" मुलगा माझ्याकडं बघतच नव्हता. तो आईचा पदर बघत होता.

"अजिबात नाही" हे शब्द माझ्या तोंडात तयारच होते. आपल्या सगळ्यांच्याच असतात. नाही म्हणायला काही लागत नाही, वेळ जात नाही, आणि उद्या काही झालंच तर "मी सांगितलं होतं" म्हणायची सोय राहते. मी तो शब्द गिळला, कारण तीन वर्षांपूर्वी याच खोलीत तो मी एकदा वापरला होता.

तेव्हा मुलगा तेरा वर्षांचा होता. फायबरचं प्लास्टर, कोपराखाली. पाण्याच्या पार्कात जाऊ का, असं वडिलांनी विचारलं, मी नाही म्हणालो, आणि ते गेले. सोमवारी सकाळी मुलगा हातावर ब्रेडची पिशवी घेऊनच आला. वर दोन रबरबँड, त्यांचा दंडावर खोल वळ. पिशवी काढताच खोलीभर वास पसरला. प्लास्टर कापलं तर आतला कापूस पिळण्याजोगा ओला, आणि कातडी दिवसभर कपडे धुतलेल्या हातासारखी पांढरी, सुरकुतलेली. मनगटाच्या आतल्या बाजूला सालटं निघालेलं. वडील रागावले होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. "फायबरला पाणी लागलं तरी काही होत नाही, असं तुम्हीच म्हणाला होता, डॉक्टर." म्हणालो होतो. फायबरचे जादा पैसे का, हे पटवताना म्हणालो होतो.

हे वाक्य आपल्यातले किती जण रोज बोलतात, ते ज्यानं त्यानं आठवून पाहावं. फायबरची पट्टी पाण्यानं विरघळत नाही हे खरं. पण तिच्याखाली आपण जो सॉफ्टरोल गुंडाळतो तो पाणी पितो आणि सोडत नाही. साध्या प्लास्टरचं निदान बाहेरून कळतं. जिप्सम तापवून केलेली ती भुकटी पाणी मिळताच गरम होत पुन्हा जिप्सम बनते, म्हणूनच घट्ट होते. पूर्ण वाळायला मात्र एक ते तीन दिवस घेते, आणि नंतर पुन्हा भिजली की चुरते. डच लष्करी शल्यविशारद माथायसन याने १८५१-५२ च्या सुमारास कापडी पट्टीत ही भुकटी चोळायची युक्ती काढली, तेव्हापासून त्या पांढऱ्या कवचाचा स्वभाव बदललेला नाही. ते भिजलं की मऊ पडतं, आई घाबरते आणि मुलाला घेऊन येते. फायबर वरून ठणठणीत राहतं आणि आत कातडी सडत असते. पाणी चालणारं अस्तर मिळतं, पण ते मुद्दाम मागवून घालावं लागतं. आपण घातलेलं नसेल तर फायबरच्या पेशंटला पाण्याची ताकीद जास्त कडक हवी. आपण नेमकं उलटं करतो. (आणि ओलं झालं तर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा सोडू नका, हेही सांगा. लोक सोडतात, आणि आत चटका बसतो.)

मग त्या आईला काय सांगायचं? "पार्कात जाऊ का?" हा प्रश्न वैद्यकीय नाहीच. वैद्यकीय प्रश्न असा: तिथं हाताला काय काय काम पडणार आहे? एकदा हे डोक्यात आलं की उत्तर आपोआप फुटतं. दुर्दैवानं आपल्यातल्या बहुतेकांनी शेवटची राइड एस्सेल वर्ल्डमध्ये घेतली, तीही कॉलेजच्या सहलीत. त्या गोराईच्या पार्काला आता टाळं लागलंय. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उघडल्यापासून आणि लोणावळ्यात पाण्याचं पार्क आल्यापासून मावळातल्या मुलांची सुट्टी बदलली, आपल्या सूचना मात्र "पाणी लावू नका, जड उचलू नका, पंधरा दिवसांनी या" इथंच थांबल्यात.

राइड हाताकडून तीन गोष्टी मागते. पहिली, धरणं. मांडीवर किंवा खांद्यावर येणारा दांडा माणसाला सीटवर ठेवतो, पण झटका, वळण, एकदम लागणारा ब्रेक यांत शरीर सावरायचं काम हात करतात. एका हातानं ते अर्धंच होतं. दुसरी, आपलं अंग आवरून ठेवणं. काटकोनातलं कोपरावरचं प्लास्टर ब्रेकच्या वेळी हातोड्यासारखं फिरतं, आणि शेजारी बसलेल्या बहिणीचं नाक तिथंच असतं. पाण्याच्या घसरगुंडीवर पाठीवर झोपून हातांची छातीवर घडी घालायला सांगतात. प्लास्टरचा हात तशी घडी घालूच शकत नाही, तो बाजूच्या भिंतीला घासत खाली येतो. तिसरी मागणी आपल्या मनातही येत नाही, पण पार्कवाले तिचाच विचार करतात: राइड मध्येच उंचावर बंद पडली तर माणसाला शिडीवरून उतरावं लागतं. शिडीला दोन हात लागतात. म्हणून प्लास्टर दिसलं की फाटकावरचा माणूस मुलाला बाजूला काढतो. आईबाप त्याच्याशी भांडतात आणि आमच्या डॉक्टरांनी चालेल म्हटलंय असं सांगतात. तो माणूस हाडाबद्दल बोलतच नसतो. तो शिडीबद्दल बोलत असतो.

हाडाचं बोलायचं ते आपण. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज चढत असते, बोटं वर धरायची असतात, वाढणारी कळ आणि बधिरपणा यांवर घरच्यांचं लक्ष हवं असतं. त्या दिवसांत पार्क सोडा, शेजारच्या गावचं लग्नही नको. घाटात गाडी दोन तास अडकली आणि हात फुगला, तर फोल्कमानच्या आकुंचनाची वाट तिथूनच सुरू होते. पुढचे दहा-पंधरा दिवस बसवलेलं हाड सरकायची भीती असते, म्हणून आपण त्या काळात पुन्हा एक्स-रे काढतो. कोपराजवळच्या मोडीला तारा घातल्या असतील तर पाण्याच्या जागी पाऊलही नको, तारेच्या वाटेनं जंतू थेट हाडापर्यंत जातात. तीन-चार आठवडे झालेलं, जुळत आलेलं, कोपराखालचं प्लास्टर असेल तर मुलगा पार्कात जाऊन खुशाल झुकझुक गाडीत बसो, तमाशे बघो, मक्याचं कणीस खावो.

आणि एक अवघड बाब. त्या फाटकावर अडवलेल्या काही मुलांना प्लास्टर लागतच नव्हतं. लहान मुलाचं मनगटाजवळचं हाड नुसतं दबून फुगतं, त्या मोडीवर ब्रिटनमधल्या २३ रुग्णालयांत ४ ते १५ वर्षांच्या ९६५ मुलांचा अभ्यास झाला आणि २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. अर्ध्यांना पट्टा किंवा प्लास्टर, अर्ध्यांना साधं बँडेज देऊन घरी. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्यात फरक नाही, पुढं हात चालण्यात फरक नाही. अट एवढीच की दोन्ही बाजूंच्या एक्स-रेत हाडाची कड कुठंही तुटलेली नको. आपण तरीही प्लास्टर घालतो, कारण आजी विचारते, "नुसती पट्टी? मग एक्स-रे कशाला काढला?" आजीला उत्तर देणं प्लास्टर घालण्यापेक्षा अवघड आहे, हे मान्य.

तिकिटाच्या पार्कात निदान फाटकावर माणूस असतो. आमच्याकडची निम्मी करमणूक बिनतिकिटाची. गावच्या जत्रेत आकाशपाळणा येतो, त्याच्या पाळण्याला एक साखळी आणि एक खिळा. पावसाळ्यात लोक भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसतात. दाभाड्यांच्या गढीखालून वाहणारी इंद्रायणी जवळच कुंडमळ्याला खडकांतून उसळते, ती बघायला रविवारी माणसांची रीघ लागते. १५ जून २०२५ च्या रविवारी तिथला जुना लोखंडी पूल गर्दीसकट नदीत कोसळला, चार जीव गेले, कित्येक जखमी झाले. त्यानंतर गळ्यात हाताची झोळी घालून कुणी "नदीवर जरा फिरून येतो" म्हणालं की मी खुर्चीत बसवून बोलतो. शेवाळलेल्या खडकावर पाय निसटला तर माणूस हात टेकतो. दुसरा हात गळ्यात असेल तर टेकणारा एकच उरतो, आणि मोडतो तोही तोच.

आता ज्याबद्दल आपण जवळजवळ बोलतच नाही, ते. प्लास्टर असताना मुलाला सगळे जपतात. कापलं त्या दिवशी पेढे वाटतात आणि पुढच्या रविवारी पार्कात नेतात, कारण "आता मोकळा झाला". एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं, पण ती नवी गाठ अजून कच्ची असते. बाजूचे स्नायू वाळलेले, मनगट आखडलेलं. लहान मुलांच्या हाताची दोन हाडं पुन्हा मोडतात ती बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत, आणि बऱ्याचदा त्याच जागी. मला विचाराल तर प्लास्टरसकट झालेल्या सहलीपेक्षा प्लास्टर निघाल्यानंतरची पहिली सहल जास्त धोक्याची. पहिलीत मुलाच्या अंगावर पांढरी पाटी असते. दुसरीत फाटकावरच्या माणसाला काहीच दिसत नाही, आणि आपण फाइल बंद केलेली असते.

त्या आईला मी परत खुर्चीत बसवलं. रविवार पाच दिवसांनी होता, म्हणजे तेव्हा प्लास्टरला दहा दिवस. सरकायच्या भीतीचेच दिवस. मी म्हणालो, शनिवारी एक्स-रे काढू, जागेवर असेल तर न्या, पण काय करायचं आणि काय नाही ते लिहून देतो. लेटरहेडवर लिहिलं ते असं:

"डावा हात मोडलेला, प्लास्टर कोपरावर. पाण्यात उतरू नये, पिशवी बांधूनही नाही. हातानं धरावं लागतं, उलटंपालटं होतं किंवा जोरात थांबतं अशा कोणत्याही राइडवर बसू नये. बसून बघण्याचे खेळ चालतील. गर्दीत हात झोळीत, मोठ्या माणसाची संगत. बोटं थंड, निळी किंवा बधिर झाल्यास, कळ वाढल्यास लगेच जवळच्या दवाखान्यात."

"पेशंट फिट आहे" असं त्यात कुठंही नाही, आणि तसं लिहूही नये. मामा लोक तेच मागतात. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानं आपल्याला ग्राहक कायद्यात आणलं, तेव्हापासून आपण एक तर काहीच लिहीत नाही किंवा तोंडी नाही म्हणून मोकळे होतो. तारीख, सही आणि नेमके शब्द असलेली चिठ्ठी दोन्हींपेक्षा भक्कम. तिची कार्बन प्रत फाइलला.

शनिवारचा एक्स-रे चांगला आला. ते गेले. सोमवारी मुलगा आला तेव्हा प्लास्टर कोरडं होतं आणि त्यावर मामाच्या मुलीनं निळ्या पेनानं डायनासोर काढला होता. चिठ्ठी आईनं फाटकावर दाखवली, तिथल्या माणसानं वाचली, मुलाला दोन ठिकाणी आत सोडलं, चार ठिकाणी नाही. चारही वेळा मुलगा रडला, असं आई म्हणाली. प्लास्टर काढलं त्या दिवशी मी तशीच दुसरी चिठ्ठी दिली, त्यावर सहा महिन्यांनंतरची तारीख. ती मात्र त्यांनी हरवली. मी फोन करून आठवण केली. दर पेशंटला हे जमणार नाही, हेही मला कळतं.

दोन्ही चिठ्ठ्यांचे नमुने या अंकाच्या मधल्या पानावर मराठीत आणि मोठ्या अक्षरांत छापले आहेत, कारण त्या फाटकावर वाचल्या जायच्या आहेत. पान सुटं निघतं. शाळांना सुट्टी लागायच्या आत झेरॉक्स काढून प्लास्टरच्या खोलीत ठेवा, आणि मजकुरात काही चुकत असेल तर कळवा.